बुडवलेलं धड, पुजलेलं पाऊल

आमच्या वाडीतल्या वाचनालयाला आता पुढच्या बाजूला चार ग्रीक थाटाचे खांब आहेत. जाता-येता कोणीही बोटाने वाजवून बघावेत; पोकळ वाजतात. छप्पर त्यांच्यावर नाही. ते पहिल्यापासून जिथे होतं तिथेच, जांभ्याच्या चौकोनी खांबांवर आहे. फक्त ते जांभ्याचे खांब आता प्लास्टरच्या गोल नळ्यांत कोंडले गेलेत. बांधकामांची मोजमापं घेणं आणि अंदाजपत्रकं करणं यावर माझं घर चालतं. त्यामुळे भार उचलणारं झाकायचं आणि काहीच न उचलणारं मिरवायचं, हे मला बघवत नाही.

मी ते खांब मोजलेही आहेत. उंची बुंध्याच्या व्यासाच्या साडेपाचपट. ग्रीकांनीही असे आडदांड खांब बांधले आणि ते उत्तम दिसतात. पण त्यांच्या माथ्यावर साधी उशी आणि चौकोनी फळी, एवढंच असतं. पानांचा मुकुट असतो तो सडपातळ खांबाला, ज्याची उंची व्यासाच्या जवळजवळ दहापट असते. आमच्याकडे पैलवानाला नवरीची मुंडावळी बांधलीय. आणि पानं म्हणाल तर बाजारातला कोबी. हे मी समितीच्या सभेत म्हणालो तेव्हा सगळे हसले. कोणीतरी मागून म्हणालं, “रंग मारला की कोबी दिसायचा नाय, भाऊ.”

तरी खांबांचा राग मी गिळला असता. या खांबांच्या निमित्ताने वाचनालयाची जी साफसफाई झाली, ती मात्र मला अजून गिळता आलेली नाही.

वाचनालयाच्या माडीवर एक खोली होती. तिला उत्तरेकडे मोठी खिडकी. एका हायस्कुलातले चित्रकलेचे सर निवृत्त झाल्यावर तिथे मुलांना शिकवायचे. ग्रेड परीक्षांना बसणारी वाडीतली निम्मी मुलं त्या खोलीत पेन्सिल धरायला शिकली. सरांनी मुंबईच्या कुठल्याशा मोडीत निघालेल्या चित्रशाळेतून प्लास्टरचे तीन ठोकळे गादीत गुंडाळून आणले होते. एक कुरळ्या केसांच्या पुरुषाचं डोकं, नाक उडालेलं. एक पाऊल, घोट्यापर्यंतचं. आणि एका बाईचं धड. हात खांद्यापासून नाहीत, मानेवर काही नाही, मांड्यांपाशी संपलेलं.

मी एकदा सरांना विचारलं होतं की हे मोडकं सामान एवढ्या जपून कशाला आणलंत. ते म्हणाले, “मूळ पुतळे ग्रीकांनी बहुतेक काशाचे केले होते. ते पुढच्या लोकांनी वितळवले. वितळवायच्या आधी रोमन लोकांनी त्यांच्या दगडात नकला करून घेतल्या, म्हणून काय ते आपल्याला माहीत. त्या दगडावरून साचा, साच्यावरून हे.”

“म्हणजे नकलेची नक्कल,” मी म्हणालो.

“तुमच्या घरचा गणपती साच्यातलाच ना? त्याला नक्कल म्हणता?”

मग सरांनी मला त्या धडासमोर उभं केलं आणि विचारलं, “सांगा, ही कुठल्या पायावर उभी आहे?” आता पायच नाहीत तिथे काय सांगणार? पण नीट बघितल्यावर दिसलं. एका बाजूचं कंबरेचं हाड वर, त्याच बाजूचा खांदा खाली. सगळा भार उजव्या पायावर. डावा नुसता टेकलेला. पाय नसताना भार कुठून कुठे उतरतो हे कळत होतं. माझ्या धंद्यात भार कुठून उतरतो हे समजायला नकाशे लागतात. त्या दिवसापासून ते धड माझ्या मनातल्या मोडक्या सामानाच्या यादीतून गेलं.

माझी मुलगी सरांची शेवटची विद्यार्थिनी. त्यांचा एकच नियम होता: “माहीत आहे ते काढू नको, दिसतंय ते काढ.” सर गेले त्यानंतरही ती एकटी माडीवर जाऊन बसायची. बारावीनंतर मुंबईच्या कलाशाळेत जायचं हे तिने ठरवलं होतं, आणि त्या शाळेला प्रवेशासाठी समोर ठेवलेल्या वस्तूंवरून काढलेली पूर्ण कामं हवी होती. तिचं मुख्य काम म्हणजे त्या धडाचं कोळशातलं चित्र. उजेडाची बाजू पूर्ण झाली होती. सावलीची बाजू नुसत्या रेषेत होती. बारावीची परीक्षा आली म्हणून तिने ते काम बाजूला ठेवलं, आणि तेवढ्या अवधीत वाचनालयाचं नूतनीकरण निघालं.

परीक्षा संपल्यावर ती चित्राचा बोर्ड घेऊन गेली आणि लगेच परत आली. मी जेवून हात धूत होतो.

“बाबा, ती नाहीये.”

“कोण नाहीये?”

“धड नाहीये. डोकं नाहीये. खोलीत खुर्च्या रचल्यात.”

मी तसाच ओल्या हाताने निघालो.

वाचनालयाचे अध्यक्ष पुढे खुर्ची टाकून खांबांवर देखरेख करत होते. त्यांना सगळे कप्तान म्हणतात. खरं तर ते जन्मभर बोटीवर इंजिनखोलीत होते. पण आमच्याकडे समुद्रावरून पांढरा शर्ट घालून परत आलेला प्रत्येकजण कप्तान. मनाने वाईट नाहीत. खिशातून खर्च करतात, आणि उगाच कोणाचं वाकडं करत नाहीत. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढचं वाचून कोणाला वेगळं वाटेल.

“कप्तान, माडीवरच्या मूर्ती कुठे आहेत?”

“त्या होय? विसर्जन केलं.”

मला वाटलं थट्टा करतायत.

“कसलं विसर्जन?”

“अहो, भंगलेल्या मूर्ती वास्तूत ठेवतात का? एकीला हात नाहीत, डोकं नाही. दुसऱ्याला नाक नाही. नवीन कामाला हात घालायचा तर आधी ते काढायला नको? उगाच कचऱ्यात नाही टाकलं हो. मांडवीला होडी केली, गुरुजींना नेलं, नारळ फोडला, खोल पाण्यात नेऊन सोडलं. खोबऱ्याचा प्रसाद तुमच्या घरी पण पाठवलेला.”

तो प्रसाद मी खाल्ला होता. वाचनालयाच्या कामाचा नारळ म्हणून खाल्ला होता.

“त्या पूजेच्या मूर्ती नव्हत्या. चित्र काढायला ठेवलेलं प्लास्टर होतं ते.”

“मूर्ती ती मूर्ती. तुमचा काय विश्वास असेल तो असेल, पण समितीत बायका आहेत, त्यांना रुखरुख लागते. शिवाय ती बाई... अंगावर कपडा नाही. खाली लहान मुलं पेपर वाचायला येतात.”

“माझी मुलगी तिचं चित्र काढत होती. प्रवेशासाठी. अर्धं झालंय.”

तेव्हा मात्र त्यांचा चेहरा उतरला. “असं होय? हे कोण बोललं नाही आम्हाला.” मग म्हणाले, “मोबाईलवर फोटो असेल की तिच्या.”

“फोटोवरून चालत नाही.”

“का नाही चालत? फोटो म्हणजे तेच ना?”

मला तिथे उजेड, आकाराची खोली, दोन डोळे हे सगळं समजावून सांगायचं होतं. पण संताप आला की माझे शब्द जातात आणि आकडे येतात. मी म्हणालो, “तुमचे हे खांब साडेपाचपट आहेत, त्यांना पानं शोभत नाहीत.”

कप्तान उठून उभे राहिले. “हे बघा भाऊ, मी ग्रीसच्या पिरेअसला उतरलोय, नेपल्सला उतरलोय. असले खांब या डोळ्यांनी बघितलेत. तुम्ही चिपळूणच्या पुढे कधी गेलात?”

मी पुण्याला आणि मुंबईला कितीदा तरी गेलोय. पण तो मुद्दा नव्हता. मुद्दा असा, की जो माणूस ग्रीसला जाऊन आला त्यानेच ग्रीकांची बाई समुद्रात बुडवली, आणि तिच्याच लोकांचा खांब, तोही चुकीचा, दारात उभा केला. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. त्यांच्या मते खांब अखंड होता आणि बाई भंगलेली. एवढा साधा फरक मला कसा कळत नाही?

भंगलेली मूर्ती देवघरात ठेवू नये हे मला कळतं. आमच्या घरात पण नाही ठेवत. हेदवीच्या दशभुज गणपतीला आम्ही दरवर्षी जातो आणि मी मनापासून हात जोडतो. माझं म्हणणं एवढंच, की देव कुठला आणि शिकायचं साधन कुठलं हे विचारायला जिन्याच्या बारा पायऱ्या चढाव्या लागल्या असत्या, आणि त्या कोणी चढलं नाही. नारळ फोडायला मात्र होडी केली.

ओहोटीला मी आणि मुलगी मांडवीच्या धक्क्यावर गेलो. प्लास्टर लगेच विरघळत नाही. गणपतीनंतर किनाऱ्यावर काय काय येतं ते रत्नागिरीकरांना सांगायला नको. तिथे जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका चाचांना मी विचारलं. त्यांची होडी रोज खाडीच्या तोंडाशी जाते.

“आलेला की,” ते म्हणाले. “कमरेचा तुकडा होता एवढा. जाळ्यात आला.”

“मग? कुठे आहे?”

“परत सोडला. तुमचा देव ना तो? आम्ही आपला उचलून टाकणार काय कुठे पण? पोरांना म्हटलं, हात लावू नका, जाळं फाटलं तर फाटू दे, नीट सोडा. जरा पुढे नेऊन सोडला, म्हणजे परत येणार नाय.”

मुलगी तिथेच दगडावर बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. चाचा घाबरले. “काय चुकलं काय गो बाय?”

“नाही चाचा,” ती म्हणाली, “तुम्ही बरोबर केलंत.”

त्यांच्यावर रागावणार तरी कुठल्या तोंडाने? प्रत्येकाने त्या धडाला मान दिला होता. कोणी नारळ देऊन, कोणी जाळं फाटू देऊन. एकानेही त्या बाईकडे बघितलं नव्हतं.

कप्तानांना चुटपुट लागली असावी. पुढच्या आठवड्यात ते टेम्पो घेऊन दारात आले. हायवेला लांज्याच्या अलीकडे बागेतले सिमेंटचे पुतळे मिळतात, तिथून त्यांनी एक बाई आणली होती. खांद्यावर घडा, अंगावर पायघोळ वस्त्र, गालाला गुलाबी रंग.

“बघ बाळा, तुझ्यासाठी,” ते मुलीला म्हणाले. “हिला हात पण आहेत.”

मुलीने त्यांना नमस्कार केला. बायकोने चहा केला. मी ती बाई मोजली. डोकं उंचीच्या तब्बल पाचव्या हिश्शाइतकं, म्हणजे तीन-चार वर्षांच्या मुलाचं असतं तसं; दोन्ही पायांवर सारखीच उभी, घड्याचा भार कुठेही उतरलेला नाही. कप्तान गेल्यावर मी हे बोललो तेव्हा बायको म्हणाली, “त्या माणसाने पदरचे पैसे घालून आणलंय. तुम्ही मोजायचं थांबवा आधी.” मी थांबलो. ती बाई अजून आमच्या विहिरीपाशी आहे. बायको तिच्या घड्यावर कोकमाची सोलं वाळवते.

आता उरलं पाऊल. ते विसर्जनात गेलं नाही असं कप्तानांच्याच बोलण्यातून कळलं. मी धावत गेलो. वाचनालयाच्या तळमजल्यावर, आत शिरताच डाव्या हाताला कोनाडा आहे. तिथे ते नुकतंच पाटावर बसवलेलं होतं. वर जास्वंद, अंगठ्यावर हळद-कुंकू, शेजारी निरांजन.

“हे बुडवलं नाहीत ते कसं?” मी विचारलं.

“पाऊल कोण बुडवेल?” कप्तान म्हणाले. “कुठल्या तरी सत्पुरुषाचं असणार. सरांनी उगाच जपलेलं नाही.”

“घोट्यावर तुटलेलंच आहे की तेही.”

“छे! पाऊल तेवढंच असतं.”

एकच पाऊल कसं, तेही टाच उचललेलं कसं, असं मी विचारून बघितलं. पूजेला आलेल्या एक काकू म्हणाल्या, “महाराज निघालेत ना कुठेतरी, म्हणून टाच वर.” आणि खरं सांगायचं तर पुतळा करणाऱ्याला अगदी तेच दाखवायचं होतं. माणूस निघालाय, बोटं जमिनीला शेवटचा रेटा देतायत, करंगळी आत दुमडलीय. दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब. ग्रीक पावलांना ते तसं पुष्कळदा असतं. मी पट्टी लावून खात्री केली, तेव्हा काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की मी पट्टी खिशात घातली.

मुलगी म्हणाली, “बाबा, मी हेच काढते.”

प्रवेशाची मुदत जवळ होती. मी समितीकडे पाऊल घरी न्यायला मागितलं. मिळालं नाही, बसलेल्या जागेवरून उठवायचं नाही म्हणे. माडीवर, उत्तरेच्या खिडकीत न्यायला मागितलं. तेही नाही. शेवटी असं ठरलं, की सकाळची पूजा झाल्यावर दुपारी वाचनालय बंद असतं त्या वेळात तिने बसावं, चप्पल बाहेर काढून. मी मान हलवली. माझ्या मुलीला एका परदेशी पायाचं चित्र काढण्यासाठी पूजेच्या वेळा बघाव्या लागतायत, याचा मला इतका संताप आला होता की मान हलवण्यापलीकडे काही करणं धोक्याचं होतं.

रोज दुपारी मी तिच्याबरोबर जायचो. फुलं उतरवून ताटलीत ठेवायची, ओल्या फडक्याने कुंकू पुसायचं, काम झालं की फुलं होती तशी परत ठेवायची, हे काम माझं. कुंकू बरंचसं निघायचं. हळद नाही. प्लास्टर हळद पिऊन टाकतं. अंगठ्यावरचा तो पिवळा डाग दिवसागणिक गडद होत गेला. उजेडाच्या बाजूला, जिथे अगदी पांढरं दिसायला हवं नेमकं तिथे, आता मळकी छटा होती.

“तो सोडून दे,” मी म्हणालो. “तिथे सावली नाहीये. खोटं दिसेल.”

“दिसतंय ना पण?”

“दिसतंय, पण ते पावलाचं नाही. लोकांनी लावलंय.”

“सर काय म्हणायचे?”

तिने तो डाग काढला. कोळशात तो पिवळा नव्हता, करडा होता. अंगठ्यावर भलत्या ठिकाणी एक सावली.

चित्र मुंबईला गेलं, धडाचं अर्धं चित्रही तिने सोबत जोडलं, आणि मुलाखतीला बोलावणं आलं. मी बाहेर बाकावर बसलो होतो. आतून हसण्याचा आवाज आला तेव्हा मी उठून दाराशी गेलो. बाहेर आल्यावर तिने सांगितलं. परीक्षकांपैकी एक बाई पावलाच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाल्या होत्या, “बाकी सगळं इतकं नीट बघितलंयस, मग उजेड इकडून येत असताना अंगठ्यावर हे काळं कसं?”

“ती हळद आहे,” मुलगी म्हणाली.

मग त्यांनी तिच्याकडून सगळं काढून घेतलं: नारळ, होडी, चाचा, सगळं. पोट धरून हसले म्हणे. तिला प्रवेश मिळाला. बायकोने कप्तानांच्या घरी पेढे पाठवले. पाठवू नको असं मी म्हणालो होतो.

मुलगी गेल्यापासून वाचनालयाच्या माडीवर कोणी चित्र काढत नाही. खुर्च्या अजून तिथेच रचलेल्या आहेत. ती दिवाळीत आली तेव्हा दुसऱ्याच दिवशी चप्पल काढून वाचनालयात गेली. पाऊल पुन्हा एकदा काढायचं होतं, मुंबईत शिकलेलं लावून बघायचं होतं. मी मागोमाग गेलो. ती कोनाड्यासमोर वही न उघडता उभी होती.

पावलाला चांदीचं कवच बसवलं होतं. भाविकांनी वर्गणी काढून करून घेतलेलं. सोनाराने पत्रा चांगला ठोकला होता, झळाळी होती, नखंसुद्धा होती. टाचेखाली चांदीचीच गादी भरली होती, त्यामुळे पाऊल आता सपाट, कुठेही न निघालेलं. करंगळी सरळ केलेली. मी पट्टी काढली. काकू होत्या, तरी काढली. अंगठा सगळ्यांत लांब होता, आणि पुढची बोटं शिस्तीत एकेक कमी.

“कप्तान,” मी म्हणालो, “दुसरं बोट लांब होतं.”

“होय, सोनारपण म्हणाला,” कप्तान म्हणाले. “मग आम्ही सांगितलं, तेवढं दुरुस्त कर.”

मुलीने वही पिशवीत घातली. बाहेर पडताना तिने पहिल्या खांबावर टिचकी मारली, दुसऱ्यावर मी. आत बसलेल्यांनी पेपरातून डोकं वर करून बघितलं.